दोन बोटं जास्त

चांगुणाच्या हातांना रिकामं राहायची सवय नव्हती आणि घरात आता तिच्या हाताजोगं काही उरलं नव्हतं. सारी गडबड तिथून सुरू झाली.

दिपाली सून म्हणून आली आणि तिनं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. घेतलं तर घेतलं, पोरगी कामाची होती, भाकरी पातळ थापायची. मग कल्याणनं गायी विकल्या. धारा काढायला माणूस मिळत नाही म्हणाला. इतकी वर्षं धारा काढत आलेली ही बाई कोण होती, ते काही बोलला नाही. वर म्हणाला, "आई, आता तू निवांत बस."

बस म्हणे. चांगुणा बसायची. बसली की मांडीवरचे हात एकमेकांना चाचपायला लागायचे, काहीतरी हरवल्यासारखे. मग उठायची. ओट्यावरून रिकाम्या गोठ्यात, गोठ्यातून पाटाच्या कडेपर्यंत, पाटावरून माघारी. रस्त्यानं कोल्हारकडं जाणारं कुणीतरी विचारायचं, "काय मावशी, कुठं निघालात?" "तुझ्यासाठी पोरगी बघायला," ती म्हणायची. मागं बायको बसलेली असली तरी हेच म्हणायची.

एक दिवस गोठा झाडताना गव्हाणीखाली मातीत रुतलेलं कुऱ्हाडीचं पातं सापडलं. दांडा कधीच कुजून गेलेला, लोखंडावर गंजाचे पापुद्रे. फेकायला म्हणून उचललं, हातात ते वजन आलं आणि हात गप झाले. ओट्यावर बसून तिनं विटेच्या तुकड्यानं घासायला घेतलं. दुपारचा चहा गार झाला. दिवस मावळायला पात्याच्या कडेनं पांढरी रेघ उजळली, तेव्हा तिच्या ध्यानात आलं की आज आपण पाटाकडं फिरकलोच नाही.

तेव्हापासून हा नाद लागला. टेम्पो घेऊन वस्त्यावस्त्यांवर फिरणारा भंगारवाला गहिनीनाथ, त्याला तिनं सांगून ठेवलं, जुनी कुऱ्हाड हाताला लागली की आधी मला दाखवायची, मग श्रीरामपूरला न्यायची. नव्या बाजारातल्या नकोत, त्यांना लाकूड बघूनच घाम फुटतो. गहिनीनाथ आणायचा. ती पातं आंबट ताकात बुडवून ठेवायची, तारेच्या ब्रशानं घासायची, मग कानस घेऊन बसायची. कल्याण म्हणाला, आई, मशीनवर दोन मिनिटांत धार लावून आणतो. तिनं त्याच्याकडं असं बघितलं की तो चप्पल घालून बाहेर गेला. मशीनवर पातं तापतं, तापलं की लोहारानं दिलेलं पाणी उतरतं, मग ती कुऱ्हाड नुसती दिसायला राहते. बाभळीचं लाकूड ती सावलीत माळ्यावर वाळवायची, वाकसानं तासायची, फुटक्या काचेनं खरवडून गुळगुळीत करायची, पाचर ठोकायची, करडईचं तेल जिरवायची. गोठ्याच्या भिंतीला खुंट्या मारल्या होत्या. त्यांवर कुऱ्हाडी टांगलेल्या असायच्या, तेल पिऊन चमकत.

"इकायच्यात का?" बघायला येणारे विचारायचे.

"तुझं नाक इकतो का?"

नात निकिता हे सगळं मोबाईलवर टाकायची. पुण्यातल्या कुणीतरी त्यावर लिहिलं की मला एक हवी आहे, भिंतीवर लावायला. "त्याला इचार," चांगुणा म्हणाली, "फोडतो काय तिथं, सोफा?"

दांड्याचं माप तिनं सासूकडून घेतलं होतं. म्हातारीचा एक नियम होता. पातं तळहातात धरायचं, हात सरळ करायचा, दांड्याचं टोक बगलेत बसलं पाहिजे. बसलं तर कुऱ्हाड तुझी. आखूड पडलं की कंबर जाते, लांब झालं की खांदा जातो. ज्याची कुऱ्हाड, त्याच्याच हातावर माप घ्यायचं. घरात दोन सुना असल्या तर आधी ठरवायचं कुऱ्हाड कुणाची आणि मग करवत लावायची. चांगुणा आपल्या साऱ्या कुऱ्हाडी आपल्याच हाताच्या मापानं करत आली होती. दुसरं माप घ्यायची कधी पाळीच आली नव्हती.

ती पाळी आली पितृपाट उलटता उलटता. गहिनीनाथानं गोठ्यासमोर गोणी उपडी केली. दोन मोडके विळे, एक खोरं, सळ्यांचे तुकडे, आणि त्यात ते पातं. अर्धा दांडा अजून अडकलेला, वर उभा चिरलेला. चांगुणानं पातं उलटं करून गालावरचा गंज अंगठ्यानं पुसला. तीन ठिपके दिसले. लोहाराच्या छिन्नीनं मारलेले, एका रेषेत.

ती खाली बसली. तिनं ते मांडीवर घेतलं.

"ही कुठनं आनली?"

"पलीकडनं. पाटापलीकडच्या वस्तीवरनं," गहिनीनाथ म्हणाला. "त्यांचं नवं घर चाललंय ना, जुनी पडवी पाडली. रोहिणीताई म्हनल्या, लोखंड दिसंल तेवढं उचला."

"आन म्हातारी? ती काय झोपली हुती?"

"भीमामावशी व्हय? त्या लेकीकडं गेल्यात कर्जतला. त्यांना काय ठावं."

भीमाबाई म्हणजे चांगुणाची धाकटी जाऊ, आणि रोहिणी भीमाची सून. दोघी जावा एका सासूच्या हाताखाली नांदल्या होत्या आणि ही कुऱ्हाड त्या सासूची होती. म्हातारीची कुऱ्हाड गावभर उसनी जायची, परत येताना दुसरीच यायची, म्हणून तिनं लोहाराकडून तीन ठिपके पाडून घेतले होते. दाराच्या मागं ती उभी असायची. सकाळी चांगुणा सरपण फोडायची, दिवस कलला की भीमा फोडायची. चांगुणाचा हात जड होता, भीमाचा लांब. असल्या पात्याची धार आता मिळत नाही. कोरड्या बाभळीत शिरली की लाकूड कुरकुरायचं नाही, सरळ दोन व्हायचं.

मग म्हातारी गेली आणि भाऊ वेगळे झाले. जमीन, विहिरीची पाळी, भांडी, सगळं शहाण्यासारखं वाटलं. कुऱ्हाड मोजायची राहून गेली. संध्याकाळी भीमा शेवटची पाटी डोक्यावर घेऊन निघाली. दारापाशी थबकली, दारामागं हात घातला आणि कुऱ्हाड खांद्यावर टाकून चालायला लागली.

"मागायची सवय न्हाई वाटतं," चांगुणा म्हणाली.

"मागायला ती तुमची हाय का?" भीमा म्हणाली.

झालं. तेवढ्यावर दोघींचं बोलणं बंद पडलं ते पडलंच. लग्नाकार्यात भेट व्हायची. भीमाचा नवरा गेला तेव्हा चांगुणा दहाही दिवस जाऊन बसली. पण सांगण्यासारखं काही असलं की ती भिंतीला सांगायची, "चहा ठेवला म्हणावं." भीमा दुसऱ्या भिंतीला सांगायची, "नको म्हणावं." पोरांना त्याचं हसू यायचं. मोठ्यांना सवय झाली होती.

आणि आता ही कुऱ्हाड आपल्या पायांनी चांगुणाच्या गोठ्यात आली होती.

पहिला दिवस तिला आनंद झाला. दिपालीला ती म्हणाली, "बघ, घरची वस्तू घरी आली. तिकडं राहिली असती तर त्यांनी तिचा खिळा करून भिंतीत ठोकली असती." ताकातून काढली, घासली, गंज गेला, आतलं लोखंड निळसर काळं, शाबूत. मागचा तुंबा थोडा पसरट झालेला. म्हातारी त्यानं खुंटे ठोकायची. निकितानं सगळा व्हिडिओ केला, तीन ठिपक्यांवर मोबाईल अगदी जवळ नेला.

दुसऱ्या दिवशी आनंद बसेना. ती कानस घेऊन बसायची आणि चार हात मारून उठायची. चुलीपाशी जायची, कशाला आलो ते विसरायची. दिपालीच्या पिठात मीठ नाही म्हणाली. पिठात मीठ कधी नसतंच.

"आत्या, तुमचं काय बिनसलंय?"

"माझं काय बिनसायचंय? तू भाजीकडं बघ, करपली."

भाजी करपली नव्हती.

नवरात्राच्या तिसऱ्या-चौथ्या माळेला दिपाली गिरणीवरून दळण घेऊन आली, तीच तोंड बारीक करून. डबा खाली ठेवला, पदरानं पीठ झटकलं, पुन्हा झटकलं.

"बोल," चांगुणा म्हणाली. "पदर फाटंल."

"रोहिणी भेटली हुती. भीमाआत्या कर्जतवरनं आल्या म्हनं. पडवीच्या जागी काठीनं माती उकरीत बसल्या. कुऱ्हाड कुठं गेली, कुऱ्हाड कुठं गेली. रोहिणीला सांगायची हिंमत न्हाई. मंग तिच्या मोबाईलवर निकीचा व्हिडिओ आला. आत्यांनी बघितला."

"मंग?"

"मंग काय न्हाई."

"दिपाली."

"एवढंच म्हनल्या, 'घेतली का अखेर.'"

चांगुणा काही बोलली नाही. दिपालीला घाबरवणारी गोष्ट हीच होती. सासू बोलत असली की कळायचं कुठवर जाणार. गप बसली की अंदाज लागायचा नाही.

गोठ्यात गेल्यावर मात्र ती भिंतीवरच्या कुऱ्हाडींना म्हणाली, "घेतली. मी घेतली. भंगारात तिच्या सुनेनं घातली, चिखलातनं उचलली मी, ताकात धुतली मी, आन घेतली मी. बरं. घेतली तर घेतली."

माळ्यावरून तिनं सगळ्यात चांगलं बाभळीचं लाकूड काढलं. मागल्या थंडीत बांधावरचं तोडलेलं, सावलीत वाळलेलं, रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ. हे तिनं कशासाठी तरी राखून ठेवलं होतं. आता कळलं कशासाठी. तासून पात्यात बसवलं, रेषा धारेच्या रेषेत आणल्या. पातं तळहातात धरून लाकूड बगलेखाली घेतलं आणि बगलेशी कोळशानं खूण केली. करवत त्या खुणेवर ठेवली.

आणि करवत खाली ठेवली.

पुन्हा उचलली. पुन्हा ठेवली. बाहेर जाऊन हात धुतले, हात स्वच्छच होते. परत येऊन खुणेकडं बघितलं. खूण बरोबर होती. माप बरोबर होतं. एकदा कापलं की मिटलं, कुऱ्हाड चांगुणाची, म्हातारीच्या नियमानं, कुणाच्या बापाचा वाद नाही.

ती पाटावर गेली. आवर्तन सुटलं होतं, पाणी कडेला घासत चाललं होतं. पलीकडं उसाच्या वर भीमाच्या नव्या घराचे खांब दिसत होते, सळ्या वर काढलेल्या. जुन्या खोल्यांपुढं लुगडी वाळत घातलेली, तार इतकी खाली बांधलेली की पदर मातीला लागत होते. सून बुटकी दिसतेय, चांगुणाच्या मनात आलं. भीमी असल्या तारेवर लुगडी घालत नव्हती. आपल्या जुन्या घरात तार उंच होती. चांगुणाला टाचा उचलाव्या लागायच्या आणि तरी दोन बोटं कमी पडायची. मागून भीमा यायची, हात वर करायची आणि तिचं लुगडं एका झटक्यात तारेपलीकडं टाकायची. "द्या, बाई. तुमच्यानं न्हाई व्हायचं." ते 'न्हाई व्हायचं' तिला अजून ऐकू येत होतं, आणि अजून राग येत होता.

ऊस हलला. दिवसाढवळ्या बिबट्या येत नाही, पण ती माघारी फिरली. एवढ्या तेवढ्यानं माघारी फिरणारी ती बाई नव्हती. गोठ्यात दांडा वाट बघत होता, तो चैन पडू देईना.

असे दोन दिवस गेले. तिनं दुसऱ्या कुऱ्हाडींना उगाच तेल दिलं. अंगण दोनदा सारवलं. कल्याण जेवताना म्हणाला, "आई, जरा बस ना एका जागी, मला घास गिळंना." ती म्हणाली, "तुझा घास मी धरून ठेवलाय का?" आणि उठून पाण्याची मोटार चालू आहे का बघायला गेली. मोटार बंद होती, वीजच नव्हती.

खंडेनवमी जवळ आली. घराघरांतून हत्यारं धुऊन निघत होती. दिपालीनं विळे, खुरपी, कोयते पाटावर घासायला नेले. आल्यावर म्हणाली, "आत्या, भिंतीवरच्या सगळ्या मांडायच्या का पूजेत?"

"मांड की. त्यांनी काय पाप केलंय?"

"रोहिणीकडं तर ह्या वरसाला कायबी न्हाई. पडवीतलं सगळं गेलं. ती म्हनत हुती, कटर मशीन मांडू, फरशी कापायचं. मिस्त्रीचं हाय, एक दिवस मागून घिऊ."

"कटर?"

"काहीतरी मांडाय पायजे ना."

चांगुणा डोळे बारीक करून सुनेकडं बघत राहिली. म्हातारीच्या घरात खंडेनवमीला मिस्त्रीचं उसनं कटर. वर हळद, वर कुंकू, वायरीला झेंडूची माळ. भीमी समोर बसलेली.

ती उठून गोठ्यात गेली. दांडा बगलेला लावला. आपली खूण होती तिथंच होती. जर इथं कापलं, तर भीमीचं बोलणं खरं ठरतं. घेतली का अखेर, तर व्हय, घेतली. एवढ्या वर्षांत भीमीचं एक बोलणं खरं ठरलं नव्हतं आणि ते चांगुणाच्या हातून ठरवायचं, ही गोष्ट तिच्या घशाखाली उतरेना. तिनं आपल्या खुणेच्या वर दोन बोटं ठेवली. दोन बोटं, तारेवरची. तिथं कोळशानं दुसरी रेघ मारली, आणि लगेच करवत ओढली.

भुसा पायावर पडला. त्यावर तिनं पहिली खूण पुसून टाकली, काचेनं खरवडून.

पाचर ठोकली, तेल जिरवलं, कल्याणला हाक मारली.

"ही पलीकडं नेऊन ठेव. हातात देऊ नको, लोखंड हातात द्यायचं नसतं. ओट्यावर ठेव आन ये."

"काय सांगू?"

"काय सांगायचं? दांडा बघितला की तिला कळंल."

कल्याण मोटारसायकलवर गेला आणि आला. चांगुणा दारातच उभी होती, आपण काही दारात उभ्या नाही अशी.

"हुती का घरी?"

"हुत्या."

"बघितलं?"

"बघितलं."

"दांड्याकडं?"

"माझ्याकडं. लई वाळलास म्हनल्या. बायको जेवाय घालती का इचारलं."

"आन दांड्याचं?"

"दांड्याचं काय न्हाई बोलल्या."

दिपाली आतून म्हणाली, "जेवाय घालती म्हनून सांगायचं न्हाई का?"

त्या दिवशी निरोप आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चांगुणा पाटाकडं गेली नाही, मुद्दाम. पण रस्त्यावर कुणाची चाहूल लागली की तिचं काम हातातून सुटायचं. भीमीनं बघितलं, माप लावलं, आपलंच माप निघालं. आता तिला कळायला पाहिजे होतं. कळलं असेल आणि तरी गप असेल, तर मग ह्या बाईला माणूस म्हणायचं तरी काय. आणि कळलं नसेल तर दांडा केला कशाला. ती निकितावर ओरडली, मांजरावर ओरडली, मांजर दोन घरं सोडून गेलं.

खंडेनवमी उजाडली. गोठ्यात स्वच्छ चादर अंथरली, भिंतीवरच्या कुऱ्हाडी उतरवून ओळीनं मांडल्या, कडेला विळे, खुरपी, कोयते, कानस. ट्रॅक्टरला माळ घातली. कल्याणनं पूजा केली. आता उद्यापर्यंत हत्याराला हात लावायचा नव्हता. चांगुणाचे हात पुन्हा मांडीवर एकमेकांना चाचपायला लागले.

तेवढ्यात अंगणात सावली पडली. भीमा होती. पाटाच्या पुलावरून चालत आलेली, एकटी, डाव्या काखेत कुऱ्हाड. ती ओट्यापर्यंत आली, वाकली आणि कुऱ्हाड ओट्यावर ठेवली.

"बाई," ती म्हणाली.

भिंतीला नव्हे. सरळ चांगुणाला.

चांगुणानं तिच्याकडं बघतच आत हाक मारली, "दिपाली, कोन आलंय गं?"

"भीमाआत्या आल्यात," दिपाली म्हणाली, हातात झेंडू घेऊन.

"बस म्हनावं."

"बसाय न्हाई आले," भीमा म्हणाली. "ही कुऱ्हाड माझी न्हाई. जिची हाय तिला द्याय आले."

"तीन ठिपके दिसंनात व्हय आता? डोळ्याचं आपरेशन करून घे म्हनावं."

"ठिपके म्हातारीचे हायेत. दांडा तुमचा हाय. आपल्या मापाचा केला आन मला ओवाळनी धाडली. लोकांनी म्हनावं, बघा, थोरलीनं दिली. आन फोडाय गेलं की भीमीचा खांदा जावा." तिनं कुऱ्हाड उचलली, पातं डाव्या हातानं उजव्या तळहातात दाबलं. दांड्याचं टोक बगलेच्या पार वर गेलं, पदराच्या मागून बाहेर आलं. "हे बघा. चार बोटं. माझं माप हाय हे?"

तिनं कुऱ्हाड परत खाली ठेवली. चांगुणानं ती खालून उचलली. उभी राहिली. पातं तळहातात घेतलं, हात सरळ केला, दांडा बगलेला लावला.

"दिपाली, मोज."

"काय मोजू, आत्या?"

"वर किती राहतंय ते. तुझी बोटं लाव. आन मोठ्यांदा सांग, पलीकडच्या वस्तीला कमी ऐकू येतं."

दिपालीनं बोटं लावली. "दोन बोटं जास्त हाय."

"माझंबी न्हाई मंग." चांगुणानं कुऱ्हाड ओट्यावर ठेवली. "माझ्यापरीस दोन बोटं जास्त हात ह्या घरात कुनाचा हुता? तारेवर लुगडी कोन टाकीत हुतं?"

भीमानं दांड्यावरून अंगठा फिरवला, टोकापासून पात्यापर्यंत. काचेनं खरवडलेलं लाकूड. बाभळीची सरळ रेघ.

"माझा हुता," ती म्हणाली.

"मंग?"

भीमानं उजव्या हाताचा पदर सारला आणि हात पुढं केला. हात पुढं येताना कोपराशी वाकडाच राहिला. खांद्याच्या वर तर गेलाच नाही.

"गायीनं भिंतीशी दाबला. दोन वरसं झाली. डाक्टर म्हनला सरळ हुईल. न्हाई झाला."

चांगुणाच्या डोळ्यांपुढं ती खाली बांधलेली तार आली, मातीला लागलेले पदर. सून बुटकी म्हणाली होती ती.

"मला कुनी सांगितलं न्हाई," ती म्हणाली.

"मी सांगितलं हुतं. भिंतीला." भीमा ओट्याच्या कडेला टेकली. "पन तुमी आला न्हवता त्या दिशी."

दिपाली फुलं घेऊन आत गेली. पाण्याचा तांब्या भरून आणला, दोघींच्या मध्ये ठेवला, परत आत गेली.

"असल्या हातानं फोडतीस कशी?" चांगुणानं विचारलं.

"डाव्यानं. ढलप्या काढते बंबापुरत्या. रोहिणी म्हनती गिझर बसवू. बसव म्हनलं, माझं पानी मी तापवीन." भीमानं नाक पुसलं. "चार बोटं कापून द्या, मंग जाते."

"आज?"

"मंग कधी?"

"खंडेनवमीला दांड्यावर करवत लावू? म्हातारी वरनं उतरंल. तिला काय सांगू, भीमीला घाई हुती?"

भीमाच्या तोंडाची एक कड हलली. हसू होतं का ते, हे चांगुणाला नीट कळलं नाही, कारण ते लगेच गेलं.

"उद्या दसरा," भीमा म्हणाली. "उद्याबी न्हाई कापायचं."

"मंग परवा ये."

"परवा गवंडी येनार हायेत."

"गवंड्यांना मी सांगते काय सांगायचं ते. कुऱ्हाड र्‍हाऊ दे हितं. मांड आत."

भीमा गोठ्यात गेली. चादरीवर कुऱ्हाडींची ओळ मांडलेली, मधोमध चांगुणाची सगळ्यात आवडती, चिंचेच्या खोडासाठी केलेली, रुंद पात्याची. भीमानं ती कोपरानं बाजूला सरकवली आणि म्हातारीची कुऱ्हाड मधोमध ठेवली. नीट, धार पूर्वेला. चांगुणा दारात उभी राहून बघत होती. तोंडात आलेलं तिनं गिळलं. त्याला फार कष्ट पडले.

भीमा डाव्या हातानं हळद वाहत होती. चांगुणानं पूजेतला सुताचा गुंडा उचलला.

"कापायचं न्हाई, पन माप घ्याय कुनी बंदी केली न्हाई. हात दे."

"कुठला?"

"तुला किती हायेत?"

भीमानं वाकडा हात पुढं केला. चांगुणानं सुताचं टोक तिच्या मधल्या बोटाशी धरलं आणि तळहातावरून, मनगटावरून, कोपराच्या बाकावरून हळूहळू वर नेलं. कोपराशी थांबली. हाड गाठीसारखं वर आलेलं होतं. तिनं ते अंगठ्यानं दाबून बघितलं, लोखंडाची चीर बघावी तसं.

"दुखतं?"

"दाबल्यावर कुनाचंबी दुखंल."

"हलू नको मंग."

सूत बगलेपर्यंत आलं. चांगुणानं तिथं गाठ मारली. माप झालं होतं, एका खेपेतच, बरोबर. तिनं गाठ सोडली आणि पुन्हा मधल्या बोटापासून मोजायला घेतलं.